इथिओपिक लिपीतील ቋ: एका अक्षराला एकच कोड का, आणि प्रोग्राममध्ये ते कसे हाताळावे

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. आपण इथिओपियातील अम्हारिक भाषेसाठी शब्दकोशाचे ॲप तयार करीत आहात. त्यात ቋንቋ (भाषा) या शब्दाची लांबी प्रोग्राम ३ सांगतो. हाच उच्चार देवनागरीत ‘क्वान्क्वा’ असा लिहिला तर तोच प्रोग्राम १० सांगतो. ቋ मधून मूळ व्यंजन काढण्यासाठी आपण कोडला (युनिकोड या मानकाने प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकाला) ८ ने भागून उरलेली बाकी वजा करण्याची रीत वापरली. ती बहुतेक अक्षरांना लागू पडली, पण ቋ साठी तिने ቀ ऐवजी ቈ हे उत्तर दिले, आणि त्याच ओळीत ‘उ’कार बनवायला गेल्यावर पडद्यावर रिकामी चौकट आली. शिवाय वापरकर्त्याने वेगळ्या पद्धतीने लिहिलेला शब्द शोधात सापडत नाही. ही युनिकोडची चूक आहे का, आणि ቋ चे घटक वेगळे करण्याची अधिकृत सोय आहे का, असे आपण विचारले आहे.

चूक नाही, आणि सोयही नाही. ቋ हा युनिकोडच्या दृष्टीने अखंड आहे. त्याच्या पोटात ‘क’, ‘व’ आणि ‘आ’ आहेत ही माहिती कोडमध्ये कुठेही साठवलेली नसते. ती भाषेची माहिती आहे आणि ती आपल्या प्रोग्रामला आपणच पुरवावी लागते. आपली बहुतेक अडचण देवनागरीची सवय इथिओपिकवर लादल्यामुळे आलेली आहे, म्हणून आधी दोन्ही लिप्यांतला फरक नीट पाहू.

वरवर पाहता या दोन लिप्या एकाच कुळातल्या वाटतात. दोन्हीत व्यंजन हा मूळ आकार असतो आणि स्वर त्यावर संस्कार करतो. इथिओपिकमधील प्रत्येक व्यंजनाची सात रूपे होतात. त्यांना गीझ, काइब, सालिस, राबी, हामिस, सादिस आणि साबी अशी क्रमवार नावे आहेत, आणि मुले ही रूपे आपल्या बाराखडीसारखीच ओळीने म्हणत शिकतात. साम्य मात्र इथेच संपते. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार ही स्वतंत्र नावे असलेली, स्वतंत्रपणे गिरवता येणारी चिन्हे आहेत. ‘काना द्यायचा राहिला’ असे आपण म्हणू शकतो. इथिओपिकमध्ये असे सुटे स्वरचिन्ह नाही. मूळची ही लिपी केवळ व्यंजनांची होती. चौथ्या शतकात अक्सूमच्या एझाना राजाच्या काळातील शिलालेखांत स्वरयुक्त रूपे दिसू लागतात, आणि ती व्यंजनाच्या आकारालाच एखादा फाटा, गाठ किंवा वाकण देऊन घडवलेली आहेत. ሁ आणि ሉ मध्ये दुसऱ्या रूपाचा फाटा उजवीकडे मध्यावर असतो, तर ሩ आणि ፉ मध्ये तो खाली जातो. सहाव्या रूपात तर नियम शोधणेच व्यर्थ आहे: ል, ን, ም, ር, ስ ही अक्षरे एकमेकांशेजारी ठेवून त्यांत समान असे कोणते चिन्ह आहे हे विचारले, तर उत्तर देता येत नाही.

याहून महत्त्वाचा फरक स्वरहीन व्यंजनाचा आहे. देवनागरीत ‘क’ म्हणजे अकारयुक्त क. त्यातला स्वर काढायचा तर पाय मोडावा लागतो, आणि युनिकोडमध्ये त्या पाय मोडण्यालाच स्वतंत्र कोड आहे. देवनागरीची ही मांडणी इस्की या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून आली. तेच मानक पुढे १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. इथिओपिकमध्ये पाय मोडण्याचे चिन्ह नाही. सहावे रूपच कधी स्वरहीन, तर कधी अस्पष्ट स्वरासह वाचले जाते, आणि कोणते वाचायचे ते वाचणाऱ्याला शब्दावरून कळते. ቋንቋ मधला ን स्वरहीन आहे हे लिपी सांगत नाही, भाषा सांगते. अशा लिपीसाठी देवनागरीसारखे घटक-कोड करायचे ठरवले असते, तर सात रूपांसाठी सहा अदृश्य स्वरचिन्हे आणि ओठ गोल करून काढलेल्या व्यंजनांसाठी आणखी एक चिन्ह अशी सगळी काल्पनिक सामग्री निर्माण करावी लागली असती. ती कोणत्याही अम्हारिक वा तिग्रिन्या (हीच लिपी वापरणारी दुसरी भाषा) लेखकाने कधी पाहिलेली नसती, आणि फॉन्टमध्ये शेवटी प्रत्येक जोडीसाठी पूर्ण आकार काढावाच लागला असता.

म्हणून १९९९ मध्ये युनिकोडच्या ३.० या आवृत्तीत इथिओपिक आली तेव्हा प्रत्येक रूपाला स्वतंत्र कोड देण्यात आला. त्या वेळी एकूण ३४५ चिन्हे होती. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. आपल्या शेजारी तमिळमध्ये हाच वाद उलट दिशेने झाला. युनिकोडने तमिळला इस्कीची पद्धत लावली. प्रत्येक उयिर्मेय (व्यंजन आणि स्वर मिळून झालेल्या) अक्षराला अखंड कोड हवा असे मानणाऱ्यांनी वेगळी मांडणी तयार केली, आणि तमिळनाडू सरकारने २०१० मध्ये युनिकोडबरोबर तिलाही मान्यता दिली. इथिओपिकच्या वाट्याला हा वाद आला नाही, मात्र अखंड कोडाची किंमत तिला वेगळ्या जागी मोजावी लागते. ती कुठे, हे ቋ वरूनच दिसेल.

ቋ चा कोड सोळा अंकचिन्हांच्या मोजपद्धतीत, म्हणजे हेक्सामध्ये, १२४बी आहे (हेक्सातील इंग्रजी अक्षरे मी देवनागरीत लिहीत आहे), म्हणजे आपल्या नेहमीच्या दशमानात ४६८३. पुढे मी दशमानच वापरतो, कारण ८ चा हिशेब त्यातही तितकाच स्पष्ट दिसतो. इथिओपिकच्या मुख्य विभागाची सुरुवात ४६०८ वर ሀ पासून होते आणि तिथून प्रत्येक व्यंजनाला ८ घरांची एक ओळ मिळते. पहिली सात घरे सात रूपांची. आठव्या घरात बहुतेक ठिकाणी ‘वा’युक्त रूप असते: ለ च्या ओळीत ሏ (ल्वा), መ च्या ओळीत ሟ (म्वा), ነ च्या ओळीत ኗ (न्वा). ८ ने भागण्याची आपली रीत या ओळींत चालते, कारण ओळीचा आरंभ नेहमी ८ च्या पटीत असतो आणि बाकी म्हणजे रूपाचा क्रमांक, अर्थात शून्यापासून मोजलेला.

काही व्यंजनांचे ‘व’युक्त रूप मात्र एकच नसून पाच असतात. घशाजवळ अडवून सोडलेला क (ቀ), ह (ኀ), क (ከ) आणि ग (ገ) ही मूळ चार व्यंजने ओठ गोल करून उच्चारली की त्यांना अ, ई, आ, ए आणि अस्पष्ट स्वर असे पाच पर्याय मिळतात. ही पाच रूपे आठव्या एका घरात मावणे शक्य नव्हते, म्हणून त्यांना मूळ ओळीच्या लगेच पुढची पूर्ण ओळ देण्यात आली. ቀ ची ओळ ४६७२ पासून, आणि तिची ‘व’युक्त ओळ ४६८० पासून: ४६८० ला ቈ, ४६८२ ला ቊ, ४६८३ ला ቋ, ४६८४ ला ቌ, ४६८५ ला ቍ. मधले ४६८१ आणि शेवटचे ४६८६ व ४६८७ ही घरे रिकामी आहेत. आपल्याला दिसलेली चौकट याच ४६८१ ची होती. ‘क्व’ला ‘उ’ जोडून वेगळे अक्षर या लिपीत होत नाही, तरीही ते घर मुद्दाम सोडले, कारण त्यामुळे ቋ चौथ्या घरात राहतो, आणि चौथे घर म्हणजे ‘आ’कार हे सूत्र ‘व’युक्त ओळीतही टिकते. ४६८३ ला ८ ने भागल्यावर बाकी ३ उरते. ४६७५ म्हणजे ቃ (का) याचीही बाकी ३ आहे. स्वर ओळखण्यासाठी आपली रीत ቋ लाही बरोबर लागू पडते, फक्त ‘मूळ व्यंजन’ म्हणून ती ओळीचा आरंभ देते आणि तो आरंभ ቈ आहे. मूळ ቀ हवा असेल तर आणखी ८ वजा करावे लागतात. अशा सहा ओळी मुख्य विभागात आहेत: वरील चार व्यंजनांच्या ቈ, ኈ, ኰ, ጐ, आणि शिवाय ቐ ची ቘ व ኸ ची ዀ.

इथे नावांचाही एक घोळ सांगून ठेवतो, कारण नावांवरून नियम काढणारे अनेक जण त्यात फसतात. युनिकोडच्या नामपद्धतीत पहिल्या रूपाचा स्वर एक ‘ए’ने आणि चौथ्या रूपाचा, म्हणजे खऱ्या ‘आ’चा, स्वर दोन ‘ए’ने लिहिला जातो. त्यानुसार ቈ ‘क्यूडब्ल्यूए’ आणि ቋ ‘क्यूडब्ल्यूएए’ झाला, ते ठीक. पण ሟ मध्येही ‘आ’च असताना त्याचे नाव ‘एमडब्ल्यूए’ असे एकेरी ठेवले गेले, कारण त्या ओळीत ‘व’युक्त रूप एकच असल्याने फरक करण्याची तेव्हा गरज नव्हती. युनिकोडमधील नाव एकदा प्रसिद्ध झाले की बदलत नाही. त्यामुळे नावाची अक्षरे तोडून स्वर ओळखणारा प्रोग्राम ቋ आणि ሟ यांना वेगवेगळे स्वर ठरवील, आणि ते चुकीचे असेल.

ही गरज नंतर निर्माण झालीच. इथिओपियातील गुराघे भाषांपैकी सेबातबेतमध्ये म, ब, फ आणि प यांनाही ‘व’युक्त पाच रूपे लागतात. त्यांतले ‘आ’कारी रूप मुख्य विभागात आधीच होते, म्हणून २००५ मध्ये ४.१ या आवृत्तीत उरलेली चार-चार रूपे ४९९२ पासून सुरू होणाऱ्या पुरवणी विभागात घालण्यात आली. परिणाम असा की ‘म्व’ची मालिका आता दोन विभागांत विभागलेली आहे: ᎀ ४९९२ वर, ᎁ ४९९३ वर, मग ‘आ’कारी ሟ साठी मागे ४६३९ वर जायचे, आणि पुन्हा पुढे येऊन ᎂ ४९९४ वर व ᎃ ४९९५ वर. त्याच्या लगेच पुढे, ४९९६ पासून, ‘ब्व’ सुरू होतो. इथे ८ चा हिशेब लावला तर ब हे म चे पाचवे रूप ठरते. ‘एमडब्ल्यूए’ हे नाव ሟ कडे गेलेले असल्याने ᎀ च्या नावाआधी ‘सेबातबेत’ हा शब्द आहे. अखंड कोडाची किंमत म्हणतो ती ही: देवनागरीत नव्या भाषेला नवे जोडाक्षर हवे असेल तर जुन्याच कोडांतून ते आपोआप बनते, इथिओपिकमध्ये प्रत्येक नव्या अक्षरासाठी प्रस्ताव, छाननी आणि नवीन आवृत्ती यांची वाट पाहावी लागते. मुख्य विभागात ३५८, पुरवणीत २६, आणि नंतर जोडलेल्या तीन विस्तार विभागांत अनुक्रमे ७९, ३२ व २८, अशी वाढत वाढत ही संख्या ५२३ वर गेली आहे.

तेव्हा माझा सल्ला असा की अंकगणित सोडून द्यावे आणि कोष्टक ठेवावे. पाचशेच्या आसपास नोंदींचे कोष्टक आजच्या कोणत्याही फोनला जड नाही. प्रत्येक अक्षरापुढे त्याचे व्यंजन, ‘व’युक्त आहे की नाही, आणि स्वराचा क्रमांक असे तीन रकाने पुरेसे होतात. ቋ पुढे ቀ, होय, चौथा. ሟ पुढे መ, होय, चौथा. ᎀ पुढे መ, होय, पहिला. आठव्या घराबाबत तर कोष्टकाशिवाय मार्गच नाही, कारण ሏ मध्ये ते ‘ल्वा’ आहे, ሇ मध्ये ते ‘ओ’च्या जवळपासचे नंतर जोडलेले रूप आहे, आणि ኧ मध्ये नाव ‘व’युक्त असूनही अम्हारिक लेखक ते नुसत्या स्वरासाठी वापरतात.

घटक वेगळे करण्याच्या अधिकृत सोयीबद्दल आपण विचारले आहे. युनिकोडमध्ये अशी सोय नॉर्मलायझेशनमध्ये असते, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या कोडमाळा एका ठरलेल्या रूपात आणण्याच्या प्रक्रियेत. कोरियन हांगुलमध्ये ११,१७२ अखंड अक्षरे आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकाचे घटकांत विघटन करण्याचे सूत्र युनिकोडने अधिकृतपणे दिलेले आहे. त्यामुळे एनएफडी हा नॉर्मलायझेशनचा प्रकार केल्यावर हांगुल अक्षर सुट्या घटकांत मोडते आणि एनएफसी केल्यावर पुन्हा जुळते. इथिओपिकला असे सूत्र नाही. ቋ वर एनएफसी, एनएफडी, एनएफकेसी, एनएफकेडी यांपैकी काहीही चालवले तरी ४६८३ हाच कोड बाहेर येतो. याचा फायदा असा की एकच दिसणारे अक्षर दोन वेगळ्या कोडमाळांनी लिहिले जाण्याचा धोका, जो देवनागरीत ‘ऱ’ किंवा नुक्त्याच्या अक्षरांबाबत सतावतो, तो इथे नाही. तोटा असा की शोधासाठी लागणारी समानता नॉर्मलायझेशनमधून फुकट मिळत नाही, आणि आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे मूळ नेमके इथे आहे.

अम्हारिक लेखनात एकाच शब्दाची अनेक रूपे चालतात आणि ती तीन वेगळ्या कारणांनी होतात. पहिले कारण ቋ शी थेट संबंधित आहे. ‘क्वा’ हा उच्चार ቋ या एका अक्षराने लिहितात, पण कोणी ቁ आणि ዋ अशी दोन अक्षरे जोडून ቁዋ असेही लिहितो. म्हणजे ४६८३ च्या जागी ४६७३ आणि ४८११. कळफलकावर ቋ कसे काढायचे हे माहीत नसणे हे यामागचे नेहमीचे कारण. मराठीत याला जोडाक्षर फोडणे म्हणता आले असते, पण इथे दोन्ही लेखने वाचणाऱ्याला चालतात. ‘संख्या’ या अर्थाचा शब्द जुन्या वळणाने ቍጥር आणि आजच्या वळणाने ቁጥር असा लिहिला जातो; त्यातले ቍ (४६८५), ቊ (४६८२) आणि ቁ (४६७३) हे बारीक अक्षरात डोळ्यालाही पटकन वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे स्कॅन केलेल्या मजकुरातून आलेल्या शब्दांत तिन्हींची सरमिसळ गृहीतच धरावी.

दुसरे कारण समान उच्चाराच्या व्यंजनांचे. गीझ या जुन्या भाषेत वेगळे असलेले ध्वनी अम्हारिकमध्ये एक झाले, अक्षरे मात्र राहिली: ሀ, ሐ, ኀ हे तिन्ही ‘ह’, ሰ आणि ሠ दोन्ही ‘स’, አ आणि ዐ दोन्ही स्वर, ጸ आणि ፀ एकच. ‘जग’ हा शब्द ዓለም असाही लिहिलेला सापडतो आणि አለም असाही. सूर्यासाठीच्या ፀሐይ या शब्दात पहिली दोन्ही अक्षरे बदलू शकत असल्याने त्याची किती रूपे होतात ते आपणच मोजून पाहावे. त्यात भर म्हणून, कंठ्य व्यंजनांची पहिली आणि चौथी रूपे, ሀ व ሃ, አ व ኣ, अम्हारिकमध्ये सारखीच उच्चारली जातात.

यावर उपाय म्हणजे शोधासाठी वेगळी किल्ली तयार करणे. मूळ मजकूर जसा आला तसाच एका रकान्यात ठेवावा, त्याला हात लावू नये. दुसऱ्या रकान्यात ቁዋ चे ቋ करून, ቊ व ቍ चे ቁ करून, समान उच्चाराची अक्षरे एका ठरलेल्या अक्षरावर आणून बनवलेला शब्द ठेवावा, आणि वापरकर्त्याने टाइप केलेल्या शब्दालाही हीच प्रक्रिया लावून या दुसऱ्या रकान्यात शोधावे. दाखवताना नेहमी पहिला रकाना दाखवावा. काही प्रकल्पांत मूळ मजकूरच असा ‘शुद्ध’ करून टाकतात. ते करू नये असे मी ठामपणे सांगेन, कारण व्यक्तिनामांत आणि धार्मिक ग्रंथांत कोणते ‘ह’ वापरले आहे याला लोक महत्त्व देतात आणि एकदा पुसलेला फरक परत आणता येत नाही.

आणि ही किल्ली भाषेनुसार बदलली पाहिजे. तिग्रिन्या हीच लिपी वापरते, पण तिच्यात ሀ आणि ሐ, तसेच አ आणि ዐ, यांचे उच्चार आजही वेगळे आहेत. अम्हारिकची किल्ली तिग्रिन्याला लावली तर वेगळे शब्द एक होतील आणि शब्दकोश निरुपयोगी ठरेल. आपल्या ॲपमध्ये पुढे तिग्रिन्या घेण्याचा विचार असेल तर प्रत्येक नोंदीवर भाषेचा संकेत आतापासूनच ठेवावा. लिपीवरून भाषा ओळखता येईल असे मानणे मराठी, हिंदी आणि कोंकणीच्या बाबतीत जितके फसवे आहे तितकेच इथेही आहे.

तिसरे कारण अक्षरांचे नसून विरामचिन्हांचे आहे. जुन्या वळणाच्या मजकुरात दोन शब्दांमध्ये ፡ हे चिन्ह असते. ते युनिकोडमध्ये विरामचिन्ह आहे, मोकळी जागा नाही. त्यामुळे मोकळ्या जागेवर शब्द तोडणारा प्रोग्राम पूर्ण वाक्याला एकच शब्द समजतो. पूर्णविरामासाठी ። हा स्वतंत्र कोड असूनही अनेक जण ፡ दोनदा टाइप करतात, किंवा साधे दोन कोलन देतात. हे सगळे किल्ली बनवण्याआधीच सरळ करून घ्यावे.

शब्द ओळखण्यासाठी ‘ሀ पासून ፐ पर्यंत’ असा नमुना लिहिलेला मला बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो लिहिणाऱ्याला ፐ हे शेवटचे अक्षर वाटते, आणि बाराखडीच्या पहिल्या रकान्यात ते तसे आहेही; परंतु कोडांच्या क्रमात ፐ नंतर त्याचीच ፑ पासून ፗ पर्यंतची रूपे येतात आणि ती नमुन्याबाहेर राहतात. ኢትዮጵያ हा शब्द या नमुन्यात सुरळीत बसतो, म्हणून चाचणीत दोष लक्षात येत नाही. ፖስታ (टपाल) दिला की पहिलेच अक्षर गळते. कोडांची मर्यादा हाताने लिहिण्याऐवजी रेग्युलर एक्स्प्रेशनमधील लिपीचा गुणधर्म वापरावा; तो पुरवणी व विस्तार विभागही आपोआप सामावून घेतो. वर्णानुक्रमासाठीही हेच: नुसत्या कोडच्या क्रमाने लावल्यास ᎀ हे አ, ከ, ፈ सगळ्यांच्या मागे जाऊन बसते, म्हणून युनिकोडचा सॉर्टिंग अल्गोरिदम पुरवणारी लायब्ररी घ्यावी.

साठवणुकीविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे, पण त्यातला एक मुद्दा महागात पडू शकतो. यूटीएफ-८ (कोड बाइटांत साठवण्याची पद्धत) मध्ये ቋ तीन बाइट घेतो: ई१, ८९, ८बी. ቋንቋ चे नऊ बाइट होतात, तर ‘क्वान्क्वा’चे तीस. मुख्य विभाग आणि २०१० पर्यंत जोडलेले विभाग याच तीन बाइटच्या कक्षेत आहेत. मात्र २०२१ मध्ये १४.० या आवृत्तीत गुराघे भाषांसाठी जोडलेला विस्तार विभाग त्या कक्षेबाहेर, हेक्सामध्ये १ई७ई० पासून सुरू होतो आणि त्याच्या प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने बरीच वर्षे चालत आलेला प्रकार तीनच बाइट साठवतो. ‘यूटीएफ८एमबी४’ निवडला नसेल तर अम्हारिकची प्रत्येक चाचणी उत्तीर्ण होईल आणि पहिला गुराघे शब्द साठवताना त्रुटी येईल. जावास्क्रिप्टमध्येही या अक्षरांची लांबी १ ऐवजी २ येते. म्हणून लांबी मोजण्यासाठी ग्राफीम क्लस्टर, म्हणजे वाचणाऱ्याला एक वाटणारे अक्षर, मोजणारे फंक्शन वापरावे, मग ቋ, ‘क्वा’ आणि गुराघे अक्षर यांबाबत वेगवेगळा विचार करावा लागत नाही. जुन्या फोनवर या शेवटच्या विभागाचा फॉन्ट नसण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा फॉन्ट ॲपबरोबरच द्यावा.

ग्राफीम क्लस्टर मोजण्याचे आणखी एक कारण आहे. अम्हारिकमध्ये व्यंजनाच्या द्वित्वाने अर्थ बदलतो: አለ हा शब्द एकेरी ल ने वाचला तर ‘म्हणाला’, दुहेरी ल ने वाचला तर ‘आहे’. नेहमीच्या लेखनात हे द्वित्व दाखवत नाहीत, शब्दकोशात मात्र दाखवावे लागते, आणि त्यासाठी अक्षराच्या डोक्यावर बसणारे जोडचिन्ह ४.१ आवृत्तीपासून ४९५९ या कोडवर उपलब्ध आहे. एरवी अखंड असलेल्या या लिपीत सुटे म्हणावे असे चिन्ह हेच, आणि दीर्घत्वाची त्याची दोन भावंडे. शोधाची किल्ली बनवताना ती काढून टाकायला विसरू नये.

टाइप करण्याच्या बाजूने पाहिले तर ቋ एका कळेवर नसतो. उच्चारानुसार चालणाऱ्या कळफलकांवर आधी क ची कळ दाबली की ቅ उमटते, मग उ ची कळ दाबली की ते पुसून त्या जागी ቁ येते, आणि मग आ ची कळ दाबली की त्याचेही ቋ होते. म्हणजे दर वेळी आधीचे अक्षर काढून नवे घातले जाते. आपल्या ॲपमध्ये टाइप करता करता सूचना दाखवण्याची सोय असेल, तर ቋንቋ लिहिताना तिला ቅ, ቁ, ቋ अशा तीन पायऱ्या दिसतील. पहिल्या दोन पायऱ्यांवर काढलेल्या सूचना निरर्थक असतात, म्हणून शेवटच्या अक्षराबाबत फक्त व्यंजन जुळवावे आणि स्वर मोकळा सोडावा. वर सांगितलेले कोष्टक इथे पुन्हा उपयोगी पडते. बॅकस्पेस दाबल्यावर मात्र पूर्ण ቋ जाते. देवनागरीत ‘क्वा’चा आधी काना जातो, मग व, त्या सवयीने इथे ቁ कडे परत येण्याची अपेक्षा ठेवून काही वेगळे करू नये, अम्हारिक वापरकर्त्याला ते विचित्र वाटेल.

शब्दकोशासाठी आपण जुन्या फाइली मिळवणार असाल तर त्या युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या आहेत का हे आधी तपासावे. श्रीलिपीच्या काळातील मराठी फाइल उघडल्यावर जे दिसते तेच तिथेही दिसते: पॉवर गीझसारख्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर इथिओपिक आकार बसवलेले असत, आणि २५६ जागांत तीनशेहून अधिक अक्षरे मावत नसल्यामुळे ती एकाहून अधिक फॉन्ट फाइलींत विभागणे किंवा तुकडे जोडून आकार बनवणे असे उपाय केले जात. अशा फाइलीत एका बाइटचा अर्थ त्याला कोणता फॉन्ट लावला आहे यावर ठरतो. म्हणून मजकूर नुसता कॉपी करून घेऊ नये, कारण त्यात फॉन्टचे नाव हरवते. मूळ दस्तऐवजातून फॉन्टच्या माहितीसह तो काढावा, त्या त्या फॉन्टच्या कोष्टकाने बदलावा, आणि बदललेल्या मजकुरात ቋ, ቊ, ቍ आणि ቁ यांची मोजणी करून पाहावी. ቋ ची संख्या शून्य आली तर कोष्टकात चूक आहे असे खुशाल समजावे, कारण ज्या अम्हारिक शब्दकोशात ቋንቋ हा शब्द नाही तो शब्दकोश नाही.